माकूल परतली

कँटोनीजचे चार शब्द आल्यापासून माझ्या चेहऱ्यावर तेज आलंय, असं मला वाटतं. घरच्यांना ते दिसत नाही. हाँगकाँगात नोकरी गेली की 'माकूल परतली' म्हणतात. तव्यावर माकूल वळते, तशीच वळकटी वळून पूर्वी काढून टाकलेला गडी निघायचा. तिकडे मत्सर झाला की व्हिनेगर पितात, आणि एकाचं दुसऱ्याला कळेना झालं की कोंबडी बदकाशी बोलते. हे ज्ञान मी मांडवात वाटलं, एकदा दशक्रियेलाही वाटलं. या भाषेत सहा सूर आहेत. ते मला येत नाहीत, पण ऐकणाऱ्यालाही येत नसल्यामुळे काही अडत नाही.

पौष पौर्णिमेला म्हसाच्या जत्रेत हीच माकूल मामांसमोर परतली. मामा जुने हेडे, म्हणजे गुरांचे व्यापारी. म्हणाले, "म्हणजे गाशा गुंडाळला. मग?"

मग काही नाही. पण जत्रेतल्या बैलबाजारातून माझा पाय निघेना. तिथे सौदा तोंडानं होत नाही. उपरण्याखाली हातात हात घालायचा नि बोटं दाबून भाव सांगायचा. बैलाचा मालक बाजूला उभा राहून नुसते चेहरे वाचतो. जुन्या व्यापाऱ्यांची तर वेगळी नंदभाषाच होती: एक म्हणजे केवली, दोन अवारू, तीन उधानू, चार पोकू, पाच मुळू, दहा अंगुळू. बैलाचं वय दातांवर. दुधाचे दात असेतो आदत, मग दुसा, मग चौसा, आणि आठही आले की जुळला. मामा हीच मोजपट्टी माणसांना लावतात. पंचविशीचा इंजिनिअर त्यांच्या लेखी आदत. माझ्याकडे बघून म्हणाले, "हा जुळलाय, पण औताला कधी लागला नाही."

हसलो खरा. पण मामांचा नातू शाळेत गोऱ्ह्याला आदत म्हणाला, तेव्हा त्याला 'नीट बोल' म्हणून दटावलं होतं. मी माकूल परतली की विद्वान, आणि त्यानं आदत म्हटलं की गावंढळ! कोट्यवधींच्या तोंडी असलेल्या कँटोनीजलाही चीनमध्ये सरकारदरबारी बोलीच म्हणतात. निदान ती बोलणारी पोरं तरी खाली मान घालत नसावीत.

"मामा, बोटांची भाषा मला शिकवा," म्हटलं. त्यांनी उपरणं माझ्या हातावर टाकलं आणि तीन बोटं दाबली.

"हे काय?"

"शिकवणीची फी."

तीनशे की तीन हजार, ते बोटांवरून कळत नाही. ते म्हणे फी भरल्यावर शिकवतात.