दादांवर आमचाही हक्क

दादा कोंडके मूळचे भोरकडच्या इंगवलीचे. महाडहून वरंध घाट चढला की पुढे भोर. म्हणजे दादा आमचे शेजारी, असं पोलादपूरचे माझे मामा छातीठोकपणे सांगतात. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद होतो. मामांचा दावा बारमाही चालू. शिवाय दादा वाढले नायगावच्या चाळीत, गिरणी कामगाराच्या घरात. इकडच्या कुठल्या घरातला माणूस गिरणीत नव्हता? मामांच्या कोर्टात हा दुसरा पुरावा, आणि निकाल लागलेलाच असतो.

दादा, म्हणजे कृष्णा कोंडके, 'अपना बाजार'मध्ये नोकरीला होते, सेवा दलाच्या कलापथकात रमलेले. १९६५ साली वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'नं त्यांना महाराष्ट्रभर नेलं. १९७१ला 'सोंगाड्या' आला, तेव्हा दादरच्या कोहिनूर थिएटरात देव आनंदच्या सिनेमापायी त्याला जागा मिळेना; बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले, मग मिळाली. पुढे लागोपाठ नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली. नाडा लोंबणारी ढगळ चड्डी घालून तिथवर पोचलेला दुसरा इसम माझ्या तरी ऐकिवात नाही.

पण मला दादा आवडतात ते गीतकार म्हणून. कितीतरी गाणी त्यांनी स्वतः लिहिली. 'पांडू हवालदार'साठी दोन संगीतकारांची जोडी जमवून तिला राम-लक्ष्मण नाव दिलं. त्यातल्या लक्ष्मणानं पुढे 'मैंने प्यार किया' गाजवला. दादांच्या गाण्यात शब्द सगळे सोवळ्यातले. विटाळ ऐकणाऱ्याच्या मनात. सेन्सॉरवाले त्यातच अडकायचे.

आमची मामीही. "शी! काय मेली गाणी!" म्हणते आणि भाकरी थापताना तेच गुणगुणते, अंतऱ्यासकट. हात परातीत, ठेका बांगड्यांवर.

परवा भाच्याची हळद होती. मांडवात डीजेवाल्या पोरानं विचारलं, "आजोबा, काय लावू?"

"सभ्य लाव काहीतरी," मामा म्हणाले.

त्यानं कुठलंसं हिंदी रडगाणं लावलं. हळद लावणाऱ्या बायका जांभया द्यायला लागल्या. मामा पोराच्या कानाशी गेले.

"दादांचं लाव रे. पण आवाज बारीक ठेव, भजनी मंडळाचे बुवा बसलेत."

"बुवांनीच चिठ्ठी पाठवलीय मघाशी," पोरगं म्हणालं. "तीन गाण्यांची."