बाहत्तरच्या पुढे जाऊ नये : पारावर नव्यानं बसणाऱ्यांसाठी

थंड मुलखात हवामानाचे शौकीन जमले की कुठल्या हिवाळ्यात किती फूट बर्फ पडला यावर रात्र घालवतात. बीड जिल्ह्यात बर्फ रसवंतीवर मिळतो. म्हणून इथल्या शौकिनांनी तोच खेळ दुष्काळावर आणि गारपिटीवर बसवला आहे. नवे जावई, बदली होऊन आलेले बँकवाले आणि पुण्याहून दिवाळीपुरते आलेले आपलेच लोक या खेळात पहिल्याच चहाला बाद होतात. त्यांच्या सोयीसाठी ही माहिती.

साहित्य फार लागत नाही. एक पार, त्याला लागून चहाचं हाटेल, आणि बाहत्तर साल, म्हणजे 1972 चा दुष्काळ, आठवणारा निदान एक माणूस. हा शेवटचा जिन्नस आता मिळेनासा होत चाललाय. तेव्हा जो दहा वर्षांचा होता तो कधीच साठी ओलांडून गेला. काही गावांत तर बाहत्तरला पाळण्यात असलेल्यांनाही प्रत्यक्षदर्शी म्हणून चालवून घेतात. त्याला हरकत घेऊ नये.

सुरुवात आकड्यानं करू नका. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे-पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास आहे, हे वाक्य उच्चारलंत की समोरचा माणूस तुमच्याकडे तलाठी बघावा तसा बघू लागेल. सरासरी नावाचा पाऊस इथं कुणाच्याच शेतात पडलेला नाही. आष्टी-पाटोद्याचं आभाळ वेगळं, अंबाजोगाईचं वेगळं. इथं साल ओळखायचं ते त्या साली काय विकलं यावरून. "बैलजोडी गेली ते साल", "थोरलीचं लग्न पुढं ढकललं ते साल". ऐकणारे मनातल्या मनात हिशेब लावतात आणि त्यांचा हिशेब सहसा चुकत नाही.

आता पहिली चाल. तुम्ही म्हणायचं, "तात्या, औंदा लईच कडक गेलं." तात्या म्हणणार, "हे कसलं कडक? बाहत्तरला..." इथं तुमचं काम संपलं. चहा सांगा.

बाहत्तरच्या बाबतीत काही गोष्टी पाठ असाव्यात, बोलण्यासाठी नव्हे, योग्य जागी मान हलवण्यासाठी. अमेरिकेतून आलेला लाल मिलो, कामावर वाटलेली सुकडी, खडी फोडून हाताला आलेले फोड, पाझर तलावांची कामं. मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्याच काळात उभी राहिली, तिचा कायदा 1977 मध्ये झाला, आणि पुढं देशाच्या रोजगार हमी कायद्याला तोच कित्ता मिळाला. एवढं सगळं तुम्हाला ठाऊक असलं तरी "तात्या, मग सुकडी लागायची कशी?" एवढंच विचारावं. या प्रश्नाचं उत्तर पाऊण तास चालतं आणि त्या पाऊण तासात तुम्ही गावचे होता.

मग ते प्रसिद्ध वाक्य येईल. बाहत्तरला विहिरीत पाणी होतं पण घरात दाणा नव्हता, आणि दोन हजार बारा-तेराला घरात दाणा होता पण विहिरीत पाणी नव्हतं. हे वाक्य तुम्ही आधी ऐकलेलं असणारच. तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखं करा. ते खरंही आहे, पण तसं का झालं हे मात्र विचारू नका. बाहत्तरनंतर बोअर पाडणारी यंत्रं आली, पाणी शेकडो फूट खाली गेलं, आणि वर ऊस उभा राहिला. पारावर बसलेल्यांपैकी निम्मे ऊस लावणारे असतात आणि निम्मे ऊस तोडायला जाणारे. त्यामुळे हा विषय निघाला की कुणाला तरी एकदम म्हैस बांधायची आठवते.

परळीकर भेटला तर त्याचा पत्ता वेगळा. फेब्रुवारी 2013 मध्ये पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद पडलं होतं. तुमच्या विहिरी आटल्या, आमची वीज आटली, असं तो म्हणतो आणि डाव घेऊन जातो. लातूरकर असला तर तो रेल्वे काढणार. 12 एप्रिल 2016 च्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातुरात पोचली आणि ती साऱ्या देशानं दूरचित्रवाणीवर पाहिली. याला उत्तर तयार ठेवा. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण आमच्या केज तालुक्यातल्या धनेगावला, नदी उगम पावते आमच्या पाटोदा तालुक्यात. म्हणजे आटलं ते पाणी आमचं, आणि रेल्वे मिळाली तुम्हाला! यावर लातूरकर गप्प बसत नाही, पण दुसरा चहा तो सांगतो.

गारपीट ही या खेळाची अवघड पायरी, आणि बर्फाच्या सगळ्यात जवळची. गारेची मापं ठरलेली आहेत : हरभरा, बोर, सुपारी, लिंबू. लिंबाच्या वर जाऊ नये. मोसंबीएवढी गार फक्त मोसंबीची बाग असलेल्यालाच दिसते, तीही पंचनाम्याच्या दिवशी. दाखल्यासाठी 2014 सांगावं. फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झालेली गारपीट मार्चमध्येही थांबेना. मराठवाड्यात कापणीला आलेली ज्वारी, गहू, हरभरा आडवा झाला, द्राक्षं-डाळिंबं गेली, झाडांखाली मेलेल्या पाखरांचा खच पडला. शिवार पांढरं झालेलं पाहून पोरांनी फोटो काढले आणि ते काश्मीर म्हणून पाठवले. सुट्टीवर आलेला एखादा फौजी लडाखचे फोटो दाखवील. बघावेत, पण तुलना करू नये. त्याच्या बर्फाखाली कुणाची ज्वारी नव्हती.

गारा का पडतात हे एखाद्या शिकलेल्या पोरानं विचारलं तर थोडक्यात सांगा. उत्तरेकडून येणारी थंड हवा वर, बंगालच्या उपसागरातून येणारी दमट हवा खाली, मधे तापलेली जमीन. ढगातले वर चढणारे झोत थेंबाला पुन्हा पुन्हा वर फेकतात आणि त्यावर बर्फाचे थर चढत जातात. एवढं पुरे. 2014 च्या गोष्टीत याहून रंगणारा भाग वेगळाच आहे. गारा पडत असतानाच 5 मार्चला लोकसभेच्या निवडणुका जाहीर झाल्या आणि आचारसंहिता लागली. साहेब बांधावर यायचे, पीक बघायचे, आणि बोलायचं काय हे त्यांना कळत नसे.

मात्र इथं एक खबरदारी घ्या. 2014 च्या गारा पाहिल्यात का, असं सरसकट विचारू नका. दिवाळी झाली की जिल्ह्यातली लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि गुढीपाडव्याच्या मागंपुढं परततात. त्यांच्या गावात गारा पडल्या तेव्हा ती दुसऱ्याच्या उसात होती. त्यांनी तो अवकाळी पाऊस कोपीत, वर ताडपत्री आणि खाली चिखल अशा अवस्थेत काढला, आणि गावचं काय झालं ते फोनवर ऐकलं. त्यांची थंडीही निराळी, पहाटे तीनला फडात उतरायची. पारावर तिची मोजदाद कुणी करत नाही, कारण हिवाळ्यात पारावर बसायला ते नसतातच.

बायकाही पारावर नसतात. त्यांची बैठक हापशावर आणि टँकरपाशी भरते, आणि खरी आकडेवारी तिथंच असते. तिथं बाहत्तर-बारा असा वाद होत नाही. किती दिवसांनी टँकर आला, हंड्यांच्या रांगेत आपला हंडा कितवा, रात्री कितीला उठावं लागलं, जनावराला पाजल्यावर घरात काय उरलं, एवढंच. 2016 च्या उन्हाळ्याबद्दल पारावर दोन तास ऐकून झाल्यावर घरी येऊन सासूबाईंना विचारा. त्या दोन वाक्यांत सांगतील आणि पारावरचं निम्मं खोटं ठरेल. हे पारावर परत सांगू नये.

इतिहासाचे सर हा वेगळा धोका. ते 1630 काढतात. त्या साली दख्खनवर दुष्काळ पडला होता आणि मोगल सरदार आजमखान बीड-धारूरच्या मुलखात लढत होता. दुसऱ्या वर्षी त्यानं धारूरचा किल्ला घेतला. दुष्काळात एवढं सैन्य खात काय होतं, हा प्रश्न विचारला तर सर खूश होतात. पण गुण मिळत नाहीत. 1630 आठवणारा माणूस दाखवता येत नाही तोवर पारावर बाहत्तरच मोठं. सरांना बरं वाटावं म्हणून खजाना विहिरीचा विषय काढावा. सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली ही विहीर दुष्काळातही आटली नाही, असं बीडकर सांगतात. सगळ्यांचं एकमत होणारा हा एकच विषय.

आता पर्जन्यमापक. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटर पडला तर अतिवृष्टी. 64 पडला तर नुसता पाऊस. यंत्र मंडळाच्या गावी आणि ढग तुमच्या बांधावर, अशी साधारण व्यवस्था असते. म्हणून पारावरचा माणूस ढगाआधी यंत्राची चौकशी करतो. 2025 च्या खरिपाआधी पीकविम्याची तक्रार 72 तासांत करायची असल्यानं गारा वेचायच्या आधी मोबाईल काढायचे. तक्रार करायला शिकवणारा पोरगा गावात असला तर त्याला बाहत्तर न पाहताही पारावर जागा मिळायची.

नव्या मंडळींना अर्थात स्वतःचं साल हवं असतं. बाहत्तर तात्यांचं, 1989 चा बिंदुसरेचा पूर बीडच्या जुन्या लोकांचा, चारा छावण्यांचं 2019 ज्यांनी जनावरांजवळ रात्री काढल्या त्यांचं. तरुण पोरांच्या वाट्याला सप्टेंबर 2025 आला. आष्टीकडं गावांना पाण्यानं वेढलं, आणि जायकवाडीतून सोडलेलं पाणी गेवराई-माजलगावच्या गोदाकाठाच्या गावांत शिरलं. सोयाबीन तर गेलंच, पण काही ठिकाणी खालची मातीही गेली, आणि माती गेली हे बाहत्तरला म्हणता येत नव्हतं. पोरांना या गोष्टीचा जरा अभिमानच वाटतो. तात्या ऐकून घेतात. पण हे साल इतक्यात तुलनेला घेऊ नये. पारावरच्या बऱ्याच जणांची भरपाईची ई-केवायसी अजून बाकी आहे.