दिवसा सिंफनी, रात्री डीजे

"अगं, त्या मेसन बेट्सचं कळलं का? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा 2025 चा हंगाम त्याच्या ऑपेराने सुरू झाला. आपल्या बर्लिंगेमचा मुलगा!"

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये आमच्या आणि काकूंच्या परसांच्या मध्ये लाकडी कुंपण आहे, माणसापेक्षा उंच. काकू पलीकडून पालथ्या बादलीवर उभ्या राहतात आणि मग दिवसाच्या बातम्या सुरू होतात. बर्लिंगेम इथून वीस-पंचवीस मैलांवर, म्हणून ते आपलं. आणि 'मुलगा' 1977 सालचा, म्हणजे पन्नाशीला आलेला गृहस्थ. पण काकू ज्याची तिकिटं काढतात तो त्यांच्या लेखी मुलगाच.

"कोण हो हा?"

"संगीतकार. सिंफनी लिहितो. शंभर वादक, कोट-टाय, सगळं साग्रसंगीत. आणि रात्री क्लबात डीजे. मेसॉनिक नाव घ्यायचा."

डीजे म्हटल्याबरोबर माझ्या छातीत पुण्याच्या विसर्जनाच्या रात्रीची धडधड सुरू झाली. तसं मी बोलूनही दाखवलं.

"तसला नव्हे गं! चांगल्या घराण्यात शिकलेला आहे. लहानपण व्हर्जिनियात, रिचमंडला. तिथे त्याला रचना शिकवली डिका न्यूलिनबाईंनी. या बाई कोण, तर थेट श्योनबर्गच्या शिष्या! त्या व्हिएन्नावाल्याच्या, ज्याने पाश्चात्त्य संगीतातला 'सा'च काढून घेतला. आणि ऐक, याच बाई साठी उलटल्यावर पंक रॉक गायला लागल्या."

"काय सांगता!"

"मग? शिष्य सरळ कसा निघेल? पुढे न्यूयॉर्कला कोलंबिया आणि ज्युलियार्ड, दोन्ही एकदम. इकडे इंग्रजी साहित्य, तिकडे जॉन कोरिल्यानोंकडे रचना. 2001 साली बर्कलीला आला डॉक्टरेट करायला. दिवसा प्रबंध, रात्री सॅन फ्रान्सिस्कोतले क्लब."

मला यात कौतुकाचं काही दिसेना. शंभर वादक समोर बसलेले असताना लॅपटॉप कशाला लागतो, असं मी विचारलं. काकू या प्रश्नाची वाटच बघत असाव्यात.

"मी सकाळी रियाजाला बसते तेव्हा तानपुरा कोण वाजवतं? ती डबी! तिला तू कधी नाव ठेवलंस? उलट परवा म्हणालीस, काय सुंदर जुळलाय."

"तानपुरा वेगळा, काकू. तबल्याचं यंत्र लावता का तुम्ही?"

काकू गप्प झाल्या. हे विरळाच घडतं. तबल्याचं यंत्र त्या कधीच लावत नाहीत. ते कोणासाठी थांबत नाही, श्वास घेऊ देत नाही, अशी त्यांचीच तक्रार असते.

"बरोबर पकडलंस," त्या म्हणाल्या. "त्याच्यापुढेही तोच पेच आहे. म्हणून तो अख्खी गोष्ट एकसलग लावून ठेवत नाही. आवाजाचे छोटे तुकडे केलेले असतात. हा मागे तालवाद्यवाल्यांच्या रांगेत लॅपटॉप आणि ड्रमपॅड घेऊन उभा. कंडक्टरचा हात पडला की पॅडवर टोला, की तुकडा सुरू. पण एकदा सुरू झाला की तेवढ्यापुरतं शंभर जणांना त्याच्या लयीत चालावं लागतं, हे खरं. काही वेळा ते ऐकू येतं. सगळे जरा आवळून वाजवतात."

मला हा कबुलीजबाब आवडला. काकू चाहत्या आहेत, भक्त नाहीत.

मग त्यांनी 'द बी-साइड्स'ची हकीकत सांगितली. सॅन फ्रान्सिस्को सिंफनीसाठी त्याने ती 2009 साली लिहिली. कल्पना त्यांचे तेव्हाचे कंडक्टर मायकल टिल्सन थॉमस यांची: श्योनबर्गने ऑर्केस्ट्रासाठी पाच छोट्या रचना केल्या होत्या, तसं तू काहीतरी कर. गुरूच्या गुरूचाच धडा पुन्हा समोर आला म्हणायचा. त्यातल्या एका तुकड्यात खरोखरीचा झाडू वाजतो. दुसऱ्यात टाइपरायटर आणि तेलाचं पिंप. शेवटचा डेट्रॉइटमधल्या ओस गोदामांना वाहिलेला; टेक्नोचा जन्म तिकडचा.

"आणि मधला, तो ऐकच! 1965 साली पहिला अमेरिकन अंतराळवीर यानाबाहेर पडला, जेमिनी 4. त्याचं जमिनीवरच्या लोकांशी झालेलं बोलणं नासाकडून मिळवलं आणि ऑर्केस्ट्रात सोडून दिलं. खाली व्हायोलिनं, वर खरखरत ती माणसं बोलतायत. आता सांग, हे कुठल्या वाद्यावर वाजवशील?"

इथे मला त्यांचं म्हणणं कळायला लागलं. हा माणूस यंत्रावर सूर फारसे काढत बसत नाही, वाद्यांना जमणार नाहीत ते आवाज सभागृहात आणतो. 'लिक्विड इंटरफेस'मध्ये अंटार्क्टिकात हिमनदीचे कडे कोसळतात त्याचं ध्वनिमुद्रण आहे. 'अल्टरनेटिव्ह एनर्जी' 2012 साली शिकागोला झाली, रिकार्डो मुटी कंडक्टर होते. 2010 ते 2015 हा शिकागो सिंफनीचा निवासी संगीतकार होता, अ‍ॅना क्लाइन यांच्या जोडीने. या 'एनर्जी'ची सुरुवात 1896 सालात, हेन्री फोर्डच्या शेतावर: फिडल, भंगारातल्या लोखंडाची तालवाद्यं आणि गाडीचं हँडल फिरवल्यासारखी गरगर वाढत जाणारी लय. मग आजचं शिकागो, त्यात जवळच्या फर्मीलॅबमधल्या कण पळवणाऱ्या अजस्र यंत्राचे खरे आवाज. पुढे शंभर वर्षांनी शिनच्यांगमध्ये अणुवीज केंद्रातला भयंकर अपघात. शेवटी 2222 सालचं आइसलँड, आणि तिथे घनदाट जंगल! जग तेवढं तापलेलं.

"म्हणजे गोष्टीवेल्हाळ आहे," मी म्हटलं.

"आहेच. इंग्रजी साहित्य उगाच नाही शिकला. कुणी कुणी नाक मुरडतात, म्हणे फार सोपं, सिनेमासारखं. मी म्हणते, असेना का! लोक खुर्चीत पुढे सरकून ऐकतात ना?"

काकूंचा सगळ्यात लाडका विषय मात्र स्टीव्ह जॉब्सचा ऑपेरा. 2017 च्या जुलैत सँटा फे इथे पहिला प्रयोग झाला. संहिता मार्क कॅम्पबेल यांची. ध्वनिमुद्रणाला 2019 साली ग्रॅमी मिळालं. सॅन फ्रान्सिस्कोत 2020 साली यायचा तो महामारीत अडकला आणि 2023 च्या सप्टेंबरात आला. काकू काकांना ओढून घेऊन गेल्या होत्या. काकांनी तीस वर्षं चिपा तपासण्यात घालवली. ऑपेरा म्हटला की त्यांना जांभई येते.

"पडदा उघडला आणि समोर काय, तर आपल्या लॉस आल्टोसचं गॅरेज! वडील मुलाला वाढदिवसाला कामाचं टेबल देतायत. हे ताठ बसले. बेट्सने काय केलंय माहितीये, प्रत्येक पात्राला आपापला आवाज वाटून दिलाय. जॉब्सला गिटार आणि भराभर टिकटिकणारी इलेक्ट्रॉनिक्स, त्यात जुन्या मॅक संगणकांचे खरे आवाज मिसळलेले. भागीदार वॉझनियाकला सॅक्सोफोन. बायको लॉरीनला संथ, लाटांसारखी तंतुवाद्यं. आणि गुरू, कोबून नावाचे झेन भिक्षू, त्यांना घंटा आणि कटोरे. दोन पात्रं समोरासमोर आली की दोन आवाजांचीच झटापट. जॉब्स लॉरीनजवळ येतो तसतशी ती टिकटिक मंदावते. मला तर रडूच आलं."

"आणि काका?"

"हे रडतात होय! मध्यंतरच नाही त्या ऑपेराला, दीडेक तास सलग. तरी झोपले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, हार्डडिस्कचा आवाज बरोबर होता. आमच्या संसारातली संगीतावरची एवढी मोठी चर्चा पहिलीच."

मी रात्री 'मदरशिप' लावून ऐकलं. 2011 साली सिडनीच्या ऑपेरा हाउसमध्ये यूट्यूबच्या ऑर्केस्ट्राने वाजवलेलं. जगभरातून व्हिडिओवर निवडलेले वादक. मध्येच ऑर्केस्ट्रा जरा मागे सरतो आणि एकेक वादक पुढे येऊन आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो; त्यात एक चिनी गुझेंगही होतं. ते फार गोड वाजलं. पण खालचा ठेका मला तेव्हाच्या जाहिरातींसारखा वाटला. क्लबातला ठेका भाजीसारखा शिळा होतो, कागदावर लिहिलेल्या सुरांना ती भीती नसते. सकाळी मी हे कुंपणावरून टाकलं.

"मग 'अँथॉलॉजी ऑफ फँटॅस्टिक झूऑलॉजी' ऐक," काकू म्हणाल्या. "2015 ची, मुटींसाठीच लिहिलेली. बोर्हेसच्या पुस्तकातले काल्पनिक प्राणी. लॅपटॉप औषधालासुद्धा नाही! नुसता ऑर्केस्ट्रा, पण सूर एका वादकाकडून दुसऱ्याकडे असे उड्या मारत जातात की वाटावं आत कुठेतरी यंत्र आहे."

मी ऐकली. माझ्या मते त्याचं हे सर्वांत चांगलं काम. यंत्राकडून जे शिकला ते त्याने यंत्राशिवाय करून दाखवलंय. काकूंना हे सांगितलं तर त्यांना पटलं नाही. जॉब्सवरून त्या हलायला तयार नाहीत.

"आणि मेटचा नवा?"

"'कॅव्हेलिअर अँड क्ले'. मायकल शेबनची कादंबरी, पुलित्झर मिळालेली. प्रागहून निसटलेला एक ज्यू पोरगा आणि त्याचा ब्रुकलिनचा आतेभाऊ, दोघं मिळून कॉमिक्स काढतात. युरोपचा आवाज काळोखा, न्यूयॉर्कला चाळीसच्या दशकातला स्विंग, आणि कॉमिक्सच्या जगात शिरलं की इलेक्ट्रॉनिक्स. आधी इंडियाना विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 2024 साली करून पाहिला, मग मेट. नेझे-सेगँ कंडक्टर."

"म्हणजे काकांना न्यूयॉर्कला नेणार?"

"हे म्हणतात, त्यात हार्डडिस्क आहे का? नसली तर तूच जा. आता तू चल माझ्याबरोबर. पण मधेच फोन काढायचा नाही, आधीच सांगते."