पंचवीस अधिक वीस बरोबर एकोणचाळीस

किराणा दुकानदाराला विचारा, चौथीतल्या पोराला विचारा, पंचवीस आणि वीस मिळून पंचेचाळीसच होतात. सिव्हिलच्या दिव्यांग बोर्डात मात्र ते एकोणचाळीस होतात, आणि तेही कुणाच्या चुकीनं नव्हे, नियमानं. एकाच माणसाला दोन अपंगत्वं असली तर त्यांची सरळ बेरीज करायची नाही, असं केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मोठा टक्का नव्वदातून वजा करायचा, उरेल त्याला छोट्या टक्क्यानं गुणायचं, नव्वदनं भागायचं आणि जे येईल ते मोठ्यात मिळवायचं. करून बघा, ३९.४४ येतात. या सूत्रामागं वैद्यकीय तर्क आहे, तो मला मान्य आहे. एका पायानं अधू असलेल्याचा कानही गेला म्हणून तो काही दीडपट माणूस होत नाही, आणि एका देहाची बेरीज शंभराच्या पुढं जाऊन चालणार नाही. पण २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं लाभांचं दार ४० टक्क्यांवर बसवलं आहे. त्यामुळे ३९ वाल्याचा पाय आणि कान दोन्ही अधू असले, तरी नोकरीतल्या आरक्षणापुरता आणि पेन्शनपुरता तो धडधाकट ठरतो. माणसाच्या दुखण्याचं दशांश चिन्हाच्या पुढं दोन घरं जाऊन मोजमाप करणारी ही यंत्रणा. आता तिला शंका आली आहे, की आपण आधी मोजलेलं बरोबर होतं का?

शंका आली की माणूस स्वतःचं गणित तपासतो. सरकार तुमचा पाय तपासतं. फेरतपासणी, फेरपडताळणी, पुनर्मूल्यांकन, नाव काहीही द्या, पत्र जातं ते ज्याला मोजलं त्याला. ज्यानं मोजलं त्याला जात नाही. यातली गंमत कळायला प्रमाणपत्राचा कागद नीट वाचावा लागतो. २०१७ च्या नियमांतला त्याचा नमुना बघा. त्यात नाव, वय आणि टक्क्यांच्या खाली एक ओळ छापलेली असते: अपंगत्वाचं पुन्हा मूल्यमापन (एक) आवश्यक नाही, किंवा (दोन) इतक्या वर्षांनी करावं. डॉक्टरांनी यातला एक पर्याय निवडायचा असतो. म्हणजे मांडीपासून तुटलेला पाय पुन्हा फुटणार नाही, हे ज्ञान शासनाला आहे, छापील आहे आणि सहीशिक्क्यानिशी आहे. कायमस्वरूपी प्रमाणपत्र हातात ठेवलेल्या माणसाला पुन्हा रांगेत उभं करणं म्हणजे शासनानं स्वतःच्याच सहीवर अविश्वास दाखवणं. पण त्या अविश्वासाचा रिक्षाखर्च अर्जदारानं करायचा.

रांगांची त्याला सवय नाही असंही नाही. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजना महिन्याला ३०० रुपये देते. आकडा २०१२ चा आहे. भाव तेवढे पुढं गेले, आकडा जागेवर बसून आहे. त्यासाठी ४० टक्के चालत नाहीत, ८० लागतात. शिवाय दारिद्र्यरेषेखाली असावं लागतं. राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेतली रक्कम दिव्यांगांसाठी २०२५ च्या ऑक्टोबरपासून दीड हजारांवरून अडीच हजार झाली, ही चांगली गोष्ट, ती मान्य करायला हवी. मात्र तिच्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं, म्हणजे महिन्याला ४,१६६ रुपये. एवढ्यात चार माणसांचं घर चालतं असा दाखला महसूल खात्याकडून मिळवायचा, आणि मग त्याच घराला प्रामाणिकपणाची परीक्षा द्यायला बोलवायचं! दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा, कारण आपण जिवंत आहोत हे शेजारपाजाऱ्यांना माहीत असून भागत नाही. आधार, बँक खातं, ई-केवायसी हे वेगळंच. २०२१ च्या जूनपासून प्रमाणपत्र यूडीआयडीच्या पोर्टलवरूनच द्यायचं ठरलं, तेव्हा जुन्या कागदी प्रमाणपत्रांच्या धन्यांना पुन्हा एकदा कागद काढून बसावं लागलं. या सगळ्यातून जो तरून निघतो त्याला फेरतपासणीचं पत्र येतं. एक शंका मात्र सरकारला कधी येत नाही. एवढी धावपळ ज्याला जमते तो अपंग कसा?

फेरतपासणीचं कारण सगळ्यांना पाठ आहे: बोगस. बोगस आहेत, यात वाद नाही. २०२४ मध्ये एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरून देशभर गदारोळ झाला. २०२५ मध्ये राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागानं सरकारी कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रं पडताळायचे आदेश काढले. सरकारी नोकरीत दिव्यांगांना किमान ४ टक्के जागा आहेत. त्यातली एकेक जागा दोन्ही कानांनी ठणठणीत ऐकणारा पटकावतो, तेव्हा खऱ्या कर्णबधिराच्या तोंडचा घास जातो. ‘या बोगसांना शोधा’ ही मागणी दिव्यांगांच्या संघटनांनीच वर्षानुवर्षं केलेली आहे. त्यांनी मागितलं चोराला पकडणं. त्यांना मिळाली सगळ्या वस्तीची झडती. चोर सोडून संन्याशाला सुळी देणारे निदान दोघांना ओळखत असावेत. इथं दोघांनाही एकाच बाकावर बसवून ‘पाय उचला’ म्हणायचं, आणि ज्याचा उचलला जात नाही त्यालाच ‘पुढच्या बुधवारी परत या’ सांगायचं, अशी पद्धत आहे.

बोगस प्रमाणपत्र तयार कसं होतं, हा साधा प्रश्न इथं विचारायला हवा. ते शेतात उगवत नाही. शंभर रुपयांत रंगीत झेरॉक्स मारणारे सोडून द्या, त्यांचा कागद पोर्टलवरच्या नोंदीशी ताडला की दोन मिनिटांत उघडा पडतो, त्यासाठी कुणाला एसटीत बसवायची गरज नाही. खरा कठीण मामला आहे तो खऱ्या शिक्क्याच्या खोट्या प्रमाणपत्राचा. त्यावर टक्का लिहिणारा एक हात असतो, सही करणारा दुसरा आणि बऱ्याचदा मध्ये पाकीट पोचवणारा तिसरा. अपंग नसलेला माणूस या साखळीतलं गिऱ्हाईक आहे. दुकान दुसऱ्याचं आहे. तरीही कायद्याचं कलम ९१ बघा. दिव्यांगांचा लाभ लबाडीनं घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. घेणाऱ्याला. देणाऱ्याबद्दल त्या कलमात अवाक्षर नाही. गिऱ्हाइकाला धरायचं आणि दुकान उघडं ठेवायचं, हा नियम आपण दारूबंदीतही चांगला चालवून दाखवला आहे.

त्यात एक वैद्यकीय विनोद आहे. फेरतपासणीला सगळ्यात तयारीनं येतो तो बोगस. त्याच्याकडं गाडी आहे, रजा आहे, वकील आहे, आणि पहिल्या वेळी ज्यानं काम केलं त्याचा नंबरही आहे. खऱ्याकडं पाठीवर उचलून नेणारा भाऊ असतो आणि त्या भावाची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. तो गैरहजर राहिला तर कारण कुणी विचारत नाही, अनुदान थांबतं. मग यादीतली नावं कमी होतात आणि मोहीम यशस्वी झाल्याचं प्रसिद्धिपत्रक निघतं. गळालेल्यांत लबाड किती आणि लांबून येऊ न शकलेले किती, हा रकाना त्या तक्त्यात कुठं असतो?

यावर तिजोरीची बाजू घेणारे लाडक्या बहिणींचं उदाहरण देतील. न तपासता पैसे वाटले की काय होतं ते दिसलं, चौदा हजारांवर भाऊही लाडक्या बहिणी निघाले! उदाहरण चोख आहे, पण ते माझ्या बाजूचं आहे. ते भाऊ सापडले ते कागदांच्या छाननीत. बहीण असल्याचं सिद्ध करायला कुणाला तहसीलच्या पायऱ्या चढायला लावलं नव्हतं. जी तपासणी खिडकीच्या आत बसून होते ती रोज करा, कुणाचं काही म्हणणं नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अपंगत्व बदलतं. शस्त्रक्रियेनं सुधारतं, वयानं वाढतं, मानसिक आजारात चढउतार होतात. अगदी खरं. म्हणून तर नियमातच मुदतीच्या प्रमाणपत्राची सोय आहे, आणि मुदत संपली की जाणं रास्तच आहे. कानाचं सोंग आणता येतं, हेही खरं. पण त्यासाठी ‘बेरा’ नावाची चाचणी आहे. त्यात माणसानं ‘ऐकू आलं’ म्हणावं लागत नाही, मेंदूच उत्तर देतो. संशय असेल तिथं जुन्या फायलीतला बेराचा आलेख काढा. तो नसेल तर तो नसताना टक्का लिहिला कुणी, हे विचारा. कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. सोंग आणता येणारी किती आणि न येणारी किती, एवढी वर्गवारी कुठलाही कारकून एका दुपारी करून देईल.

‘हे आपल्याकडचं गबाळेपण, परदेशात कसं शास्त्रशुद्ध चालतं’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ब्रिटन. तिथं २०१३ पासून जुना भत्ता मोडून ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ आणलं, लोकांच्या तोंडी ‘पिप’. लाखो लोकांची नव्यानं तपासणी, टक्क्यांऐवजी गुण, आणि तपासायचं कंत्राट खासगी कंपन्यांना. कमरेखालचं अंग धुवायला मदत लागत असेल तर दोन गुण. खांदा ते कंबर या पट्ट्यासाठी लागत असेल तर चार. आंघोळीचा असा नकाशा आपल्या महसूल खात्यालाही सुचला नसता. २०२५ च्या मार्चमध्ये सरकारनं सुचवलं, की कुठल्या तरी एका कामात किमान चार गुण असतील त्यालाच रोजच्या जगण्याचा भत्ता. म्हणजे ज्याला फक्त कंबरेखाली धुवून घ्यावं लागतं त्याला त्या दोन गुणांचा उपयोग नाही, त्यानं दुसरीकडं कुठं तरी चार मिळवावेत. स्वतःच्याच पक्षाचे खासदार उलटल्यावर जुलैत ते कलम मागं घ्यावं लागलं. त्याआधी २०१८ मध्ये संसदेच्या समितीपुढं तक्रारींचा ढीग आला होता. डाउन सिंड्रोम असलेल्यांबाबत ‘हा कधी झाला?’ अशी विचारणा झालेली. जेमतेम चालू शकणाऱ्या एका बाईंच्या अहवालात त्या रोज कुत्र्याला फिरवतात असं लिहिलेलं, आणि बाईंकडं कुत्रंच नव्हतं! आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं ही म्हण आपल्याकडं आहे. तिथं पीठ न पाळलेल्या कुत्र्यानं नेलं.

त्या कुत्र्याचा हिशेबही झालेला आहे. अपिलात गेलेल्यांपैकी दर तिघांत साधारण दोघं न्यायाधिकरणात जिंकत आले. पास-नापासच्या परीक्षेत पेपर तपासणारा तीनातल्या दोन अपिलांत चुकला, तर विद्यार्थ्यांना आपण पुन्हा बसवत नाही, परीक्षक बदलतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं २०१६ मध्ये सांगितलं, की आरोग्य तपासण्यांच्या कंत्राटांवर तीन वर्षांत १.६ अब्ज पौंड जाणार आणि त्यातून २०२० पर्यंतची बचत एक अब्जाच्याही आत राहणार. आणि या भत्त्यातली लबाडी? सरकारच्याच अंदाजात ती अलीकडच्या वर्षांत एक टक्क्याच्याही खाली आहे. रुपयाचा उंदीर पकडायला दीड रुपयाचा पिंजरा, आणि पिंजऱ्यात सापडली घरातली आजारी माणसं. याला शास्त्रशुद्ध म्हणायचं असेल तर आपलं गबाळेपण जपून ठेवलेलं बरं, निदान ते स्वस्त आहे.

तेव्हा फेरतपासणी नको असं मी म्हणत नाही. खुशाल करा, जोरात करा, फक्त दिशा उलटी करा. कुठल्या बोर्डानं वर्षात किती प्रमाणपत्रं दिली, त्यातली बरोब्बर ४० आणि ४१ टक्क्यांवर किती टेकली, कुठल्या सहीची किती प्रमाणपत्रं नोकरभरतीच्या महिन्यांत निघाली, कुठल्या केंद्रावर बेराचं यंत्र बंद असताना कर्णबधिर वाढले, हे सगळं पोर्टलवरच्या नोंदींतून आणि रुग्णालयाच्या दप्तरातून काढता येतं. संशयास्पद सही सापडली की त्या सहीची प्रमाणपत्रं बाहेर काढा, आणि त्यातल्याही गरजेच्या तेवढ्याच माणसांना भेटा. बोलावू नका, भेटा. निवडणूक आयोग ४० टक्क्यांवरच्या दिव्यांगाच्या घरी मतपत्रिका घेऊन जातो. त्याचं मत आणायला जिना चढता येतो, तर त्याचा पाय बघायला का चढता येऊ नये?

प्रमाणपत्राच्या नमुन्यात तळाशी सही करणाऱ्याचं नाव आणि शिक्का यांसाठी जागा छापलेली आहे. ती वाचायला कुणालाही सिव्हिलला बोलवावं लागत नाही.