बसल्या जागी गड पाहावा कसा

ही मार्गदर्शिका सिद्धगडाच्या पंचक्रोशीतल्या, म्हणजे मुरबाड-शहापूरकडच्या, साठी ओलांडलेल्या मंडळींसाठी आहे. मुलाने किंवा सुनेने परस्पर ऱ्हाइन नदीवरची आठ दिवसांची सफर ठरवून टाकलेली असावी, एवढीच पात्रता. पोहता येण्याची अट नाही. ज्यांना येतं त्यांनी ते बोटीवर बोलून दाखवू नये.

सुरुवात बोटीपासून नाही, बोटांपासून होते. व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि भाताच्या लावणीत आयुष्य घालवलेल्या हातांचे ठसे यंत्राला चटकन सापडत नाहीत. आधार कार्डाच्या वेळी काय झालं होतं ते आठवा आणि आठवडाभर आधीपासून हाताला खोबरेल तेल चोळा. सफर एप्रिल ते ऑक्टोबरमधलीच घ्या. नाताळच्या बाजारांच्या सफरी नोव्हेंबरच्या शेवटी सुरू होतात, पण नोव्हेंबर हा पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. आपण हयात आहोत हे आधी बँकेत सिद्ध करावं, मग जर्मनीत.

आता बोट. समुद्रातल्या क्रूझचे फोटो पाहून दडपून जाऊ नका, ती जात वेगळी. तिच्यात अख्खं सरळगाव बसेल. नदीवरची मोठ्यात मोठी बोट १३५ मीटर लांब असते आणि रुंदीला बहुधा साडेअकरा मीटरच्या आत. कारण वाटेतली काही लॉक बाराच मीटर रुंद असतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला लांबलचक हौद. बोट आत शिरली की मागचं दार बंद, पाणी सोडतात, बोट जिन्याची पायरी उतरावी तशी खाली येते, पुढचं दार उघडतं. स्वित्झर्लंडातल्या बासेलहून उतरताना अशी दहा लॉक लागतात, त्यातली काही मध्यरात्री. जाग आली आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर ओली भिंत दिसली, तर हिला उठवू नका. भातसा धरणाची दारं उघडताना पाहिलेल्यांना यात नवल नाही, फक्त इथे भोंगा वाजत नाही.

सगळ्यात खालच्या मजल्यावरची खोली स्वस्त असते. तिची खिडकी छताशी असते आणि लिफ्ट बहुधा तिथवर पोचत नाही. गुडघे दुखत असतील तर तिथे पैसे वाचवू नका. धक्क्यावर जागा कमी पडली की बोटी एकमेकींना खेटून बांधतात. सकाळी पडदा सारल्यावर समोरच्या बोटीत बनियनवर दाढी करणारे आजोबा दिसू शकतात. चाळीत राहिलेल्यांनी ओळखीचं हसावं, बाकीच्यांनी पडदा ओढून घ्यावा. एवढ्या दाटीवाटीत सुकट नेऊ नये. नेलीच तर खोलीत डबा उघडू नये.

म्हाताऱ्यांना ही सफर आवडते त्याचं कारण साधं आहे: बॅग एकदाच उघडायची. हॉटेल तुमच्याबरोबर सरकतं आणि गावं दाराशी येतात. गावात फिरायला नेताना दोन गट करतात, एक नेहमीचा आणि एक सावकाश चालणाऱ्यांचा. आपले आप्पा जन्मात दुसऱ्या गटात जाणार नाहीत. माईंनी जावं, त्या गटाला कॉफीसाठी जास्त वेळ मिळतो.

घराजवळ सराव करता येईल का? कागदावर येईल. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाला आहे, लांबी १४५ किलोमीटर, आणि आपली काळू नदी कल्याणच्या अलीकडेच उल्हासला मिळते. पण मे महिन्यात काळूतून निघालात तर बोट डोक्यावर घेऊन चालावं लागेल. त्यापेक्षा साताऱ्याकडे बामणोलीला जा, शिवसागर जलाशयाच्या लाँचमध्ये चढण्या-उतरण्याचा सराव करा. गंगेवरही सोय आहे म्हणा: १३ जानेवारी २०२३ ला वाराणसीहून ‘गंगा विलास’ निघाली, बांगलादेशातून दिब्रुगडपर्यंत, ३,२०० किलोमीटर, ५१ दिवस. पहिल्या फेरीचे प्रवासी स्वित्झर्लंडचे होते. ऱ्हाइन ज्यांच्या डोंगरात उगम पावते ते गंगेवर आले आणि तुम्ही त्यांच्याकडे निघालात. यात कुणी कुणाला हसू नये.

खरा अवघड धडा पुढे आहे. बिंगेन ते कोब्लेंझ या ६५ किलोमीटरांत नदीच्या दोन्ही काठांना चाळीसेक गड उभे आहेत. २००२ पासून हा टापू जागतिक वारशात आहे. बोट तीन-चार तासांत हे सगळं ओलांडते आणि तुम्ही गच्चीवर पांघरूण घेऊन खुर्चीत बसायचं असतं. इथे आपल्या माणसाची चलबिचल सुरू होते. गड म्हणजे पहाटे पायथ्याच्या नारिवलीत उतरायचं, माचीवरच्या वाडीत पाणी प्यायचं आणि कारवी धरत वर सरकायचं, हे अंगात मुरलेलं. त्यात सिद्धगड म्हणजे २ जानेवारी. १९४३ साली त्या दिवशी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळ्यांनी पडले, आणि अजून दर वर्षी माणसं पायी त्यांच्या स्मारकापाशी जातात. गडाला पाय न लावता पुढे जाणं आपल्याला उद्धटपणा वाटतो.

म्हणून सराव. नारिवलीच्या बांधावर खुर्ची टाका, तोंड सिद्धगडाकडे. दोन तास हलायचं नाही, चहा दुसऱ्याने आणून द्यायचा. दहाव्या मिनिटाला कुणीतरी थांबेलच.

“काय आप्पा, बरं नाही का?”

“गड बघतोय.”

“मग चढा की!”

यावर गप्प राहता आलं तर तुम्ही तयार झालात. न आलं तर उद्या पुन्हा खुर्ची.

काउब गावापाशी नदीच्या मध्येच, बेटावर, चौदाव्या शतकातला एक गड आहे. नाव फाल्झग्राफेनश्टाइन, कवळी असलेल्यांनी उच्चारू नये. तो होता जकात नाका: पैसे भरल्याशिवाय गलबत पुढे सुटायचं नाही. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण पाहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. गाईड बोलत असताना “आमच्याकडे सातवाहनांपासून” असं तोंडावर येईल. खुशाल म्हणा. गाईडचं बोलणं यंत्रातून तुमच्या कानात येतं, तुमचं तिच्याकडे जात नाही.

शेवटची सूचना तिकडच्या उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा त्यानंतर जाणाऱ्यांना. ऱ्हाइनही आटते. याच काउबच्या पाणी मोजायच्या पट्टीवर ऑक्टोबर २०१८ मध्ये पाणी २५ सेंटिमीटरवर आलं होतं. पट्टीवरचा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे, पण एवढ्या पाण्यात मोठी बोट निघत नाही. मग बोट उभी राहते आणि प्रवासी बसने पुढे जातात. बाकीचे प्रवासी हवालदिल होतील, माहितीपत्रक हातात घेऊन तक्रारी करतील. तुम्ही एसटीवर वाढलेले आहात. बस दिसताच पुढे व्हा. तिथल्या बसच्या खिडक्या उघडत नाहीत, तेव्हा रुमाल दारातूनच टाकावा लागेल. दोन असतील तर दुसरा मागे काठी टेकत येणाऱ्या ऑस्ट्रेलियन बाईंसाठी टाका.