तेवीस किलोंचे नाना

आमच्या सोसायटीत कुणाचा अमेरिकेचा व्हिसा आला की पेढ्यांचा पहिला पुडा देवापुढे जातो आणि दुसरा नानांकडे. नाना बँकेतून निवृत्त झालेले. मुलाकडे न्यू जर्सीला दोनदा जाऊन आले. तिकडे काय पाहिलंत म्हणून विचारावं, तर नायगारा दोन वाक्यांत उरकतात आणि सामानावर येतात. "माणशी दोन डाग, तेविसाचे." बॅगेला ते डागच म्हणतात.

आमच्या जाण्याची तारीख आम्ही मुद्दामच गुलदस्त्यात ठेवली होती. तरी आठ दिवस आधी नाना दारात हजर. गळ्यात शिंप्यासारखी टेप, खिशात हुकाचा काटा.

"लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर. चाकं धरून! चाकं विसरतात लोक."

हा काटा मुलाने अलीकडे पाठवला. त्याआधी नाना न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहत, मग बॅग कवटाळून, आणि वजाबाकी करत. त्यामुळे नानांचं वजन ७१ किलो ४०० ग्रॅम आहे हे आमच्या तिन्ही विंगांना पाठ. हिशेब चुकू नये म्हणून त्या दिवशी बॅग होईस्तोवर चहासुद्धा घेत नसत.

हिने काढलेला ढीग नानांनी परीक्षकाच्या नजरेने पाहिला. पॉवर बँक तत्काळ उचलून केबिनच्या पिशवीत. "लिथियमची बॅटरी खाली द्यायची नाही, वरच ठेवायची." इथवर ठीक होतं. मग त्यांचा हात सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांवर पडला.

"वहिनी, हे चालणार नाही. खोबऱ्यात तेल असतं. आपोआप तापून पेट घेऊ शकतं. विमानाच्या नियमांत ते ज्वालाग्राही मालात मोडतं."

"माझ्या डब्यात चाळीस वर्षांत कधी पेटलं नाही ते."

"तुमचा डबा पस्तीस हजार फुटांवर जात नाही."

ही गप्प बसली, पण दोनच मिनिटं. "आणि गोड्या मसाल्यात भाजून कुटून घातलंय, ते हो?"

नानांच्या कारकिर्दीत असा प्रश्न बहुधा पहिल्यांदाच आला असावा. त्यांनी मसाल्याची पिशवी उचलली, वास घेतला, नुसता घेतला नाही तर डोळे मिटून घेतला, आणि ती दोन कपड्यांच्या मधोमध ठेवून दिली. "कुटलं की त्याला खोबरं म्हणत नाहीत."

मग भाजणी, मेतकूट, सांडगे यांची इंग्रजी बारशी झाली. कस्टमच्या साहेबाला सांगता यावं म्हणून प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी. भाजणीचं 'रोस्टेड मल्टिग्रेन फ्लाउर' झालं, सांडग्यांचं 'सनड्राइड लेंटिल नगेट्स'. मेतकुटापाशी मात्र नानांचं पेन दहा मिनिटं अडलं. शेवटी त्यांनी 'मेतकूट' असंच लिहिलं आणि कंसात 'फूड'. लोणच्याच्या बरणीला आधी चिकटपट्टी, मग तीन पिशव्या, मग माझा लोकरी पायमोजा. माझाच का, हे विचारायची सोय नव्हती.

पट्ट्यावर बॅग ओळखू यावी म्हणून लोक लाल फीत बांधतात आणि तिथे निम्म्या बॅगांना लाल फीत असते. नानांनी घरून इरकली लुगड्याचा जुना काठ आणला होता.

शेवटचं वजन झालं, २२ किलो ९००. नानांनी काटा खिशात घातला आणि मग चहा घेतला. तेवढ्या वेळात हिने बेसनाच्या लाडवांचा डबा आत सरकवला. मी पाहिलं, बोललो नाही. लाडू माझेही आवडते.

विमानतळावर तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून नाना बाहेर कठड्याशी थांबले. आत काउंटरवर बॅग ठेवली, २३ किलो ६००. माझ्या पोटात गोळा. मुलीने मान वर न करता टॅग लावला आणि बॅग गेली.

लगेच फोन. "किती भरली?"

"तेवीस सहाशे."

"अरे देवा! काय काढायला लावलं?"

"काही नाही. बोललीसुद्धा नाही."

पलीकडे बराच वेळ नुसती गाड्यांच्या हॉर्नची गडबड ऐकू येत होती.

"अहो, असं कसं?" नाना म्हणाले. "तिला परत ठेवायला सांगा."