श्री. फेस, मुक्काम पोस्ट आळंदी

इंद्रायणीच्या पात्रात विराजमान असलेले श्री. फेस यांस सादर प्रणाम.

पालखी प्रस्थानाचा मुहूर्त असो वा कार्तिकीची यात्रा, आळंदीला आपले शुभ्र दर्शन आता इतक्या वेळा घडले आहे की क्षेत्रस्थ मंडळींत आपली गणना करावयास हरकत नसावी. ज्या नदीत तुकोबांची गाथा तरली असे परंपरा सांगते, त्या नदीत हल्ली साबण तरतो, आणि वारकरी ते पुंजके हाताने बाजूला सारून त्याच पाण्याची ओंजळ तीर्थ म्हणून घेतात. छायाचित्रे छापून आली की पाण्याचे नमुने घेतले जातात. अहवाल येईपर्यंत आपण विरून गेलेले असता.

आपल्या जन्माची कथा साधी आहे. धुण्याच्या पावडरीत पृष्ठसक्रिय द्रव्ये असतात, म्हणजे ज्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते आणि दुसरे पाणी टाळून तेलाकडे वा हवेकडे वळते अशी द्रव्ये. ती पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, बंधाऱ्यावरून कोसळताना पाण्यात हवा मिसळते आणि मैल्यातील प्रथिने बुडबुड्यांच्या भिंतींना बळकटी देतात. आपले घराणेही जुने. 1950 च्या दशकात जर्मनी, ब्रिटन व अमेरिकेतील नद्यांवर आपल्या पूर्वजांनी असाच उच्छाद मांडला होता, कारण तेव्हाच्या रेणूची कार्बनसाखळी फांद्याफांद्यांची असे व जिवाणूंना ती सहजी तोडता येत नसे. पुढील दशकात तेथे सरळ साखळीचे रेणू आले, ते जिवाणूंना पचले आणि फेस ओसरला.

भारतातील पावडरीतही आज प्रामुख्याने हाच पचणारा रेणू असतो, तरीही आपण उरता, याचे कारण असे की तो पचवावयास जिवाणूंना ऑक्सिजन लागतो आणि शुद्ध न करता सोडलेल्या सांडपाण्यातील मैला पाण्यातला ऑक्सिजन आधीच फस्त करतो. 25 अंश सेल्सिअसला स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो; उलट अशा सांडपाण्याची जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे त्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन वापरतात ती मात्रा, लिटरमागे 200 मिलिग्रॅमच्या घरात असते. स्नानाच्या पाण्यासाठी भारतीय निकष आहे कमाल 3 मिलिग्रॅमचा. हा हिशेब शाळकरी मुलालाही जमावा. कारखान्यांचे सांडपाणी तर त्यात अजून धरलेलेही नाही.

आणि तरी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते ते आपल्यालाच! 2021 च्या छठपूजेच्या वेळी दिल्लीत यमुनेवरील आपल्या भावकीवर पाण्याचे फवारे मारण्यात आले, बांबूचे अडसर घालण्यात आले. फेस मोडला की नदी शुद्ध होते, हे रसायनशास्त्र कोणत्या विद्यापीठात शिकवले जाते, ते कळावयास मार्ग नाही. हा विनोद नव्हे, निर्लज्जपणा आहे. वर शहराची विष्ठा सोडावयाची, खाली तीच माणसांना तीर्थ म्हणून पिऊ द्यावयाची आणि मध्ये दिसणारा पांढरेपणा तेवढा पुसावयाचा, याला प्रदूषण नियंत्रण म्हणणाऱ्यांनी ती ओंजळ आधी स्वतः घ्यावी.

खरे तर या साऱ्या प्रकरणात प्रामाणिक एकटे आपणच आहात. विरघळलेल्या नायट्रेटला रंग नाही, मैल्यातील रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत, जलपर्णी पोसणाऱ्या फॉस्फेटचे छायाचित्र निघत नाही. असे पाणी शेतात वर्षानुवर्षे गेले की त्यातील सोडियम काळ्या मातीत कॅल्शियमची जागा घेतो आणि जमीन हळूहळू चोपण होते, तेव्हाही बातमी होत नाही. आपले बुडबुडे फुटताना उडणारे तुषार जंतूंना हवेत नेतात, याची तर दखलही नाही. एवढ्या अदृश्य मंडळींची साक्ष एकट्याने द्यावी आणि शिक्षाही एकट्यानेच भोगावी, हा आपल्यावर अन्यायच आहे.

म्हणून आपणांस एकच विनंती की, नमुन्याच्या बाटल्या येताच विरून जाण्याची सवय आपण सोडावी. बंधाऱ्यापाशी विरघळलेला ऑक्सिजन मोजला जाऊन तो आकडा, स्नानासाठी आवश्यक असलेल्या किमान 5 मिलिग्रॅमच्या शेजारी, घाटावर सर्वांना वाचता येईल अशा अक्षरांत लागेपर्यंत आपला मुक्काम हलवू नये.